भाड्याच्या खोलीत वीज: स्वतंत्र मीटर की सबमीटर?

महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांवर चढतात. सबमीटर म्हणजे मालकाच्या मीटरखाली फक्त खोलीचा वापर मोजणारा मीटर; बिल मालकाच्याच मीटरवर येतं. तिथे घरमालकाचे २५० आणि भाडेकरूचे ९० युनिट एकाच मीटरवर आले, की सर्वात स्वस्त दर फक्त १०० युनिटांना मिळतो, ४० युनिट तिसऱ्या टप्प्यात जातात. मीटर वेगळे असतील तर १९० युनिट स्वस्तात पडतात. हा फरक भाडेकरूच्या माथी मारणं सरळ अन्याय आहे.

स्वतंत्र मीटरला अनामत, मालकाची संमती आणि दरमहा स्थिर आकार लागतो. सबमीटर लगेच बसतो. पण खोलीचा मेन स्विच बंद करूनही तो फिरत असेल, तर जिन्यातला दिवा किंवा पंप त्यावर जोडलेला असू शकतो.

वर्षभर राहणार, फ्रिज-गीझर असेल तर स्वतंत्र मीटरच घ्या. चार-सहा महिन्यांसाठी, पंखा-दिव्यापुरता सबमीटर चालेल; प्रतियुनिट दर मात्र भाडेकरारात लिहून घ्या.