इसार द्यायच्या आधी वकिलांकडे गेलो त्याचा अनुभव (सात रस्ता, सोलापूर)

पहिल्यांदाच सांगतो, वकील मॅडमचं नाव इथं टाकत नाहीये. टाकणारच होतो पण त्यांनीच नको म्हणलं, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे म्हणून. ऑफिस सात रस्त्याजवळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली गाडी लावायला जागा नाही. मॅडम सर्च (म्हणजे मालकीचे जुने कागद तपासणं), खरेदीखत, वाटणीपत्र असली कामं बघतात आणि त्यांचे मिस्टर शेजारच्याच टेबलावर इन्कम टॅक्सचं बघतात. हे दोघं एका खोलीत बसतात हाच इथला खरा फायदा आहे बगा, का ते पुढं सांगतो.

मला पत्ता दिला माझ्या मेव्हण्यानं. त्यानं होटगी रोडला 56 लाखाचा फ्लॅट घेतलता आणि कुणी त्याला सांगितलंच नाही की 50 लाख किंवा वर व्यवहार असला की घेणाऱ्यानंच विकणाऱ्याच्या पैशातून 1 टक्का टीडीएस (म्हणजे आधीच कापलेला टॅक्स) कापून त्याचा फॉर्म (तेव्हाचा 26 क्यूबी) भरायचा असतो. वर्षभरानं नोटीस आली. 56 हजार खिशातून, त्यावर व्याज, आणि फॉर्म उशिरा भरल्याची दिवसाला 200 रुपये लेट फी वेगळी. तेव्हा त्याची नोटीस या मिस्टरांनी निस्तरली, आणि मला त्यानं दम दिला की तू आधी जा, माझ्यासारखं नंतर जाऊ नको.

आमचा फ्लॅट जुळे सोलापुरातला, रिसेल, ठरलेली किंमत 38 लाख. एजंट रोज फोन करायचा, साहेब गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आधी 1 लाख इसार देऊन टाका, गड्डा झाला की रेट वाढणार, अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात, वगैरे. वर त्याची आयडिया अशी की कागदावर 30 दाखवू आणि 8 कॅश देऊ, तुमची स्टॅम्प ड्यूटी वाचेल. मला पण ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी ते ऐकलं आणि हसल्याच. मिस्टरांना हाक मारली, त्यांनी कॅल्क्युलेटर पुढं ओढला. रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरानं, त्या फ्लॅटची किंमत निघाली 34 लाख. म्हणजे तुम्ही 30 लिहा नाहीतर 25 लिहा, ड्यूटी 34 वरच बसणार. वर रेकनर आणि कागदावरची किंमत यातला फरक 10 टक्क्याच्या वर गेला की तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात, म्हणजे 4 लाख माझ्या इन्कममध्ये आले असते. बँक लोन देणार 30 वर बघून, ते 8 लाख आणायचे कुठून हा अजून वेगळा प्रश्न. आणि जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्या वर रोख घेतली की जेवढी घेतली तेवढाच दंड, तो पण रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. हे शेवटचं वाक्य मॅडमनी स्पीकरवर विकणाऱ्याला सांगितलं, त्यानंतर त्यानं कॅशचं नाव काढलं नाही.

पण खरी मजा सर्चमध्ये निघाली.

एजंट सांगायचा फ्लॅट क्लिअर आहे, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर विकणाऱ्याचं नाव आहे. होतं पण. मॅडमनी 30 वर्षांचा सर्च काढला, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) काढला, तर खरेदी त्याच्या वडिलांच्या नावावर. वडील मृत्युपत्र न करता वारले, सोसायटीत नॉमिनी म्हणून या मोठ्या मुलाचं नाव होतं, म्हणून सर्टिफिकेट त्याच्या नावावर झालेलं. मॅडम म्हणल्या, "नॉमिनी म्हणजे राखणदार, मालक नव्हे." वडील असे गेले तर आई, मुलगे, मुली सगळ्यांचा सारखा हिस्सा, हे हिंदू वारसा कायद्यात 1956 पासून आहे. मग विचारलं घरात कोण कोण आहे तर आई, एक धाकटा भाऊ पुण्याला, आणि एक बहीण गुलबर्ग्याला दिलेली. बहिणीला हा विषय माहीतच नव्हता! एजंट म्हणे ती कुठं येतीय सर, ती काय भांडणार नाही. मॅडम म्हणल्या भांडली नाही तर चांगलंच आहे, मग सही करायला पण येईल.

दोन वाटा सांगितल्या, एकतर बहिणीनं रजिस्टर हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि बाकी तिघांनी खरेदीखतावर सही करायची, नाहीतर चौघांनी खरेदीखतावर लिहून देणार, म्हणजे विकणारे, म्हणून सही करायची. बहीण म्हणली मी हक्क सोडणार नाही, माझा चेक माझ्या नावानं पाहिजे. बरोबर आहे तिचं. संचार पेपरात जाहीर नोटीस दिली, कुणाची हरकत आली नाही. फ्लॅटवर 3 वर्षांचा महापालिकेचा टॅक्स थकलेला निघाला, तो त्यांच्याकडूनच भरून घेतला. यात दीड महिना गेला, गड्डा झाला, रेट काही वाढला नाही.

आता ते टॅक्सचं. मला वाटलं दोघांच्या नावावर घेऊ, सगळे घेतात. मिस्टरांनी विचारलं इन्कम टॅक्सची नवी रिजीम का जुनी. नवी. पगार वर्षाला 12 लाखाच्या आत, म्हणजे 2025-26 ला तसाही टॅक्स शून्य, आणि स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची 2 लाखाची सूट नव्या रिजीमला मिळतच नाही. मग म्हणले तुमचं नाव कशाला पाहिजे? घेणाऱ्या सगळ्या बायकाच असतील तर स्टॅम्प ड्यूटीत 1 टक्का सूट, पुरुषाचं नाव आत आलं की सूट गेली. सोलापुरात 6 टक्क्यानं 2 लाख 28 हजार होत होते, एकट्या बायकोच्या नावावर 1 लाख 90 हजार. सरळ 38 हजार वाचले, रजिस्ट्रेशन फी 30 हजार ती सगळ्यांना सारखीच. पण त्यांनी हे पण सांगितलं की उद्या तुम्ही जुन्या रिजीमला गेलात आणि हप्ता तुम्ही भरत असलात तरी व्याजाची सूट तुम्हाला नाही, कारण मालक तुम्ही नाही. दोन्ही बाजू सांगून निर्णय आमच्यावर सोडला हे आवडलं. आई मात्र दोन दिवस गप्प होती माझ्याशी.

रजिस्ट्रीच्या दिवशी 11 ला गेलतो ते सर्व्हर डाऊन, नंबर आला 4 ला. विकणाऱ्याच्या आईनं 40 वर्षं बिड्या वळल्यात, अंगठ्याच्या रेघाच राहिल्या नाहीत, मशीन काय ठसा घेईना. एकदा झालं, दोनदा झालं, आजी घाबरल्या, म्हणल्या माझ्यामुळं पोराचं काम अडलं की ओ. गुलबर्ग्याच्या लेकीनं पदर ओला करून अंगठा चोळून चोळून पुसला, मॅडम शेजारी उभ्या राहून आजीला गावाकडचं विचारत बसल्या, चौथ्या वेळेला घेतलं मशीननं. बँकेच्या वकिलाची फी पण मीच भरलीय, 4 हजार, पण त्याचं तोंड मी आजपर्यंत बघितलं नाही आणि त्याचा रिपोर्ट पण मला मिळाला नाही, तो बँकेसाठी असतो म्हणे.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, सकाळी कोर्टात असतात, संध्याकाळी 6 नंतरच जावा. पहिल्या मसुद्यात फ्लॅट नंबर 203 च्या जागी 302 टाइप झालता, बायकोनं बोट ठेवून वाचलं म्हणून सापडलं, असली चूक वकिलाच्या ऑफिसात होऊ नये. फी 15 हजार सांगून 17,500 झाली, टायपिंग, झेरॉक्स, नोटीसचा खर्च असं करत करत. आणि पावती मागितल्याशिवाय दिली नाही, टॅक्सवाल्याच्याच ऑफिसात! मिस्टर जरा लाजले आणि लगेच लिहून दिली.

पाचपैकी चार. एक लिफ्टचा आणि पावतीचा मिळून कापला.

आणि हो, एजंट म्हणलता तिसऱ्या दिवशी पाणी येतं. ते सर्च रिपोर्टमध्ये निघत नाही. पाचव्या दिवशी येतं, पहाटे 4 ला.