पिल्लाची आई दाखवत नसतील तर पैसे देऊ नका

मुलांसाठी कुत्रा आणायचा विचार करणाऱ्या पुण्यातल्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे. ‘घरगुती पिल्लं, लहान मुलांसाठी बेस्ट, केसीआय पेपरसह’ अशा जाहिराती फोनवर येत असतील तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, जातिवंत कुत्र्यांची वंशावळ नोंदवणारी संस्था. अशाच एका माणसाने आमच्याकडून सव्वीस हजार रुपये घेतले आणि आजारी, जेमतेम पाच आठवड्यांचं पिल्लू खोट्या कागदांसकट हातात दिलं. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण त्याच्या खोटेपणापायी माझ्या मुलीला दंडावर सुया टोचून घ्याव्या लागल्या, त्याचा राग अजून जात नाही.

आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. कुठली जात घ्यावी हे आधी नीट विचारून घेतलं होतं. हस्की बाद, कारण एप्रिल-मेच्या उन्हात त्या दाट केसांच्या कुत्र्याचे हाल होतात. चपट्या तोंडाचा पग उन्हात धापा टाकतो. बीगल गोड असतो, पण नाक नेईल तिकडे सुटतो आणि आवाज दणदणीत. उरले लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर. दोन्ही माणसांत रमणारे, पण पूर्ण वाढले की तीस किलोच्या आसपास जाणारे. म्हणजे लाडात येऊन पाच वर्षांच्या पोराला सहज आडवं करतील, आणि रोज भरपूर चालवलं-पळवलं नाही तर घरात धुडगूस घालतील. हे सगळं समजून आम्ही गोल्डनवर आलो. विक्रेते नेमकं इथेच गाठतात. गोल्डन म्हटलं की मुलांना चांगलाच, मग आणखी काय बघायचं, असं ते बोलण्यातून आपल्या गळी उतरवतात.

जाहिरातीत हिरवळीवर बसलेली मादी आणि भोवती पिल्लं होती. फोनवर माणूस अतिशय मृदू बोलायचा, दर वाक्याला ‘ताई’. हेवी बोन आहे, म्हणजे जाड हाडापेराचं, पेपरवाला घेतलात तर सव्वीस हजार, विदाउट पेपर अठरा. पिल्लू दोन महिन्यांचं, लसी झालेल्या, जंत काढलेले. आम्ही घरी येऊन बघतो म्हटल्यावर सुरुवातीला सोसायटीची अडचण निघाली, मग घरातलं आजारपण. शेवटी म्हणाला, ‘ताई, आई जरा तापट आहे. पिल्लं झाल्यापासून अनोळखी माणूस चालत नाही तिला. मीच गाडीतून आणून देतो.’ त्याच दिवशी दुसरं गिऱ्हाईक उभं असल्याचं सांगून पाच हजार टोकन यूपीआयवर मागून घेतलं. मुलांनी तोवर फोटो बघून नावसुद्धा ठेवलं होतं, लाडू. कात्रज चौकाच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, खोक्यातून पिल्लू मिळालं. उरलेले पैसे तिथेच दिले. केसीआयचे कागद ‘चेन्नईहून कुरिअरने’ येणार होते. केनेल क्लब ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालय चेन्नईला आहे, हे खरं. त्या एका खऱ्या गोष्टीमागे बाकीचं सगळं लपवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी लाडूला उलट्या सुरू झाल्या आणि संध्याकाळी शी रक्ताची झाली. व्हेटनी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी, शी तपासण्याचं किट वापरून काही मिनिटांत सांगितलं, पार्व्हो. पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूचा जीवघेणा आजार. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, तुमच्याकडचं पाणी बदललं, तुम्ही दूध पाजलं असेल. यावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते लक्षात ठेवा. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू आजार तिकडूनच घेऊन आलेलं असतं.

मग डॉक्टरांनी लाडूचं तोंड उघडून दाखवलं. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे जवळजवळ सगळे दात आलेले असतात, एकूण अठ्ठावीस. याच्या मागच्या दाढा यायच्याच होत्या. वय पाच आठवडे, फार तर थोडं जास्त. लसीकरणाचं कार्ड तर उघडउघड खोटं होतं. त्यावर रेबीजच्या लसीचं स्टिकर होतं, आणि ती लस तीन महिन्यांच्या आधी सहसा देत नाहीत. डॉक्टरची सही होती, पण नोंदणी क्रमांक नव्हता. खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर, मुदत, तारीख, सही-शिक्का हे सगळं असतं आणि त्या डॉक्टरांना फोन केला तर ते दोन मिनिटांत खात्री करून देतात. पुढे आठवड्याने ‘केसीआय’ सर्टिफिकेटचा फोटो आला. त्यावर पंधरा आकडी मायक्रोचिप नंबर, म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा. व्हेटनी लाडूच्या मानेवरून, खांद्यांवरून स्कॅनर फिरवला. आत चिपच नव्हती. कागद कुठल्या तरी दुसऱ्याच कुत्र्याचा. कागद खरा असता तरी त्यातून वंशावळ कळली असती, तब्येत किंवा स्वभाव नाही.

लाडू वाचला. सलाइनवर बरेच दिवस काढले, बिल पिल्लाच्या किमतीच्या पुढे गेलं, पण वाचला. पार्व्होनंतर घर ब्लीचच्या पाण्याने पुसावं लागतं, नुसत्या फिनाइलवर भरवसा ठेवू नका. हा विषाणू घरात-अंगणात महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे लसी पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू तिथे आणायचं नाही.

मुलांचा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. बरा होऊन खेळायला लागल्यावर लाडू चावायचा. सगळीच पिल्लं चावतात, पण हा सोडायचाच नाही. आपला चावा किती जोरात बसतो हे पिल्लू आई आणि भावंडांबरोबर खेळताना शिकतं. जोरात चावलं की भावंड किंचाळतं, खेळ थांबतो, आई हिसका दाखवते. हे शिक्षण मुख्यतः चौथ्या ते आठव्या आठवड्यात होतं, आणि तेच आठवडे त्या माणसाने लाडूकडून हिरावून घेतले, कारण पिल्लू जितकं लहान तितकं ते फोटोत गोंडस दिसतं आणि विकणाऱ्याचा खाण्याचा खर्च वाचतो. एका संध्याकाळी खेळताना त्याने मुलीच्या हाताला रक्त येईपर्यंत चावा घेतला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुतला आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, पिल्लू कुठलं, आईला लस होती का? आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि कार्ड खोटं होतं. अशा वेळी कुठलाही डॉक्टर रेबीजच्या लशीचा कोर्स टाळायला सांगत नाही. नऊ वर्षांची पोर ठरलेल्या तारखांना सुया टोचून घेत होती, आणि दर वेळी ‘लाडूला रागवू नका’ म्हणत होती.

म्हणून सांगते, मुलांसाठी कुत्रा बघायला जाल तेव्हा जातीच्या आधी आई बघा. पिल्लांची आई परक्या माणसांशी, विशेषतः तुमच्या मुलांशी कशी वागते ते बघा. भित्र्या किंवा चिडक्या आईची पिल्लं तशीच निघण्याची शक्यता जास्त असते. आई तापट आहे म्हणून दाखवत नाही असं कोणी म्हणालं, तर एक तर तो खोटं बोलतोय, किंवा खरं बोलतोय आणि ते पिल्लू तुमच्या मुलांसाठी नाही. पिल्लं जिथे वाढतात ती जागा बघा, शक्य असेल तर एकापेक्षा जास्त वेळा जा. टाळी वाजवल्यावर दचकून पुन्हा कुतूहलाने पुढे येणारं पिल्लू मुलांच्या घरात चांगलं. कोपऱ्यात दबून बसणारं नको, आणि सगळ्यांना ढकलून अंगावर येणारंही नको.

कायदाही आपल्या बाजूने आहे, फार थोड्यांना माहीत असतो एवढंच. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबद्दलचे केंद्राचे नियम २०१७ चे आहेत. त्यानुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी प्रमाणपत्र मागा. खरा ब्रीडर ते दाखवतो आणि उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो: घरात दिवसभर कोण असतं, मुलं किती वर्षांची, फिरवणार कोण. आम्हाला त्या माणसाने पैशांशिवाय एकही प्रश्न विचारला नव्हता.

आणि पिल्लूच हवं असंही नाही. दीड-दोन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव घडलेला असतो, तो दिसतो. पुण्यात अनेक स्वयंसेवक सोडून दिलेले आणि देशी कुत्रे स्वतःच्या घरी सांभाळतात. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे राहिलेला कुत्रा मुलांजवळ कसा असतो हे ते लोक रोजच्या अनुभवाने सांगू शकतात. माझ्या बहिणीने वारज्यात अशीच एक देशी कुत्री आणली. तिच्या जुळ्या मुलांबरोबर ती छान रुळली आहे. तरीही बहीण त्यांना एकटं सोडत नाही, आणि लहान मुलं असलेल्या कुठल्याही घरात तसंच असावं.

फसवणूक झालीच असेल तर ऑनलाइन दिलेल्या पैशांसाठी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा; जितका उशीर तितके पैसे अडवणं अवघड. चॅट, जाहिरात, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हेटचं लेखी निदान, सगळं जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो. आमच्याकडे मोबाइल नंबर आणि यूपीआयवर दिसलेलं नाव एवढंच आहे, म्हणून सध्या पोलिसांकडच्या अर्जावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही मात्र पैसे देण्याआधी नाव-पत्त्याची सही केलेली पावती घ्या.

तीच जाहिरात आता वेगळ्या नंबरवरून फिरते आहे. हिरवळीवर लाल पट्ट्याची सोनेरी मादी, भोवती सहा पिल्लं, मागे पांढरं फाटक. हा फोटो दिसला तर टोकन पाठवू नका, आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही कळवा.