सोलापूरच्या उन्हात ओसाड परसाची बाग: वर्षभरानंतरचा अनुभव

पावसाळा, हिवाळा आणि पूर्ण उन्हाळा काढल्याशिवाय यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सोलापुरात जुलैत बाग कुणाचीही छान दिसते. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, पारा ४२-४३ वर गेला आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येऊ लागलं की. त्यात आमची बाग तरली, खर्चही दोन हजारांच्या आत राहिला.

शहरातल्या जुळे सोलापूर भागात आमच्या घरामागे जमिनीचा छोटासा तुकडा आहे. कित्येक वर्षं तिथं गाजर गवत, हरळी आणि बांधकामाचा राडारोडा. गाजर गवत फुलावर येण्याआधी, पावसानं माती मऊ झालेली असताना मुळासकट उपटलं. बी धरल्यावर उपटलं तर पुढच्या वर्षाची पेरणी आपणच करून ठेवतो. हातमोजे घालाच, अंगाला खाज सुटते.

माती आपली नेहमीची काळी. ओली असली की पायाला चिकटते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालचा ओलावाही उडून जातो. म्हणून सगळ्यात जास्त गुण मी आच्छादनाला देईन. शेंगा चटणीच्या गावात टरफलांना काय तोटा! ओळखीच्या घाण्यावरून जवळजवळ फुकट पोती मिळाली, चार बोटं जाड थर दिला. मेच्या भर दुपारी थर बाजूला सारून बोट खुपसलं तर आत माती गार आणि ओलसर. शेजारच्याच उघड्या जमिनीवर चप्पल काढून उभं राहवत नव्हतं. थर खोडाला मात्र टेकवू नका, वाळवी लागते.

दुसरा खर्च मडक्यांचा. साधी, रंग न दिलेली मडकी झाडांच्या मधे गळ्यापर्यंत पुरली. नळाला पाणी आलं की भरायची आणि झाकायची, नाहीतर डास होतात. पाणी हळूहळू पाझरतं, मुळं आपणहून तिकडं वळतात. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार, त्यानं मडक्याची छिद्रं बुजतात. म्हणून मडक्यांना नळाचंच पाणी.

झाडं बहुतेक मागून आणलेली. शेजारच्या मावशींकडं बोगनवेलीची फांदी मागितली तर म्हणाल्या, "एक काय मागतीस, पाच ने, त्यातल्या दोन तरी जगतील." पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या लावल्या. बोगनवेलीला पाण्याची थोडी ओढ बसली की ती फुलते, रोज पाणी घातलं की नुसती पानं वाढतात. तिचा रंगही खरं तर पानांचाच, फूल म्हणजे आतलं इवलंसं पांढरट. भर उन्हाळ्यात कुंपण गुलाबी झालं तेव्हा रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते, फार बरं वाटलं.

चाफ्याची फांदी कापल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून चीक सुकवला, मग लावली. ओली लावली की कुजते. अडेनियमला (वाळवंटी गुलाब) काळी माती चालत नाही, कुंडीत मुरूम आणि वाळू मिसळून लावलंय. सदाफुली तर एकदा लावली की बी पडून आपणच पसरते. गवती चहा, कोरफड, कढीपत्ता यांनी काहीच त्रास दिला नाही. ऑफिस टाइम नावाच्या बुटक्या झाडाची बारकी फुलं ऊन चढलं की उघडतात, कडेला छान दिसतात.

जास्वंदीला मी कमी गुण देईन. फुलं भरपूर, पण पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) सारखा येतो आणि निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून परत परत फवारावं लागतं. लॉनच्या भानगडीत तर पडूच नका. आपल्याकडं उन्हाळ्यात माणसांना पाणी मोजून वापरावं लागतं, तिथं गवताला रोज कुठून घालणार?

कण्हेर पाण्याशिवाय सगळ्यात जास्त टिकते, म्हणून कुणीही तीच सुचवेल. पण तिचं पान, फूल, बी सगळंच विषारी. आमच्याकडं रांगतं बाळ आहे, त्यामुळं ती लावली नाही. तुमच्याकडं लहान मूल किंवा शेळी-करडू असेल तर तुम्हीही लावू नका. अडेनियमचा चीकही विषारीच, म्हणून त्याची कुंडी गच्चीवर ठेवली आहे.