काई इका फिलेटिंग, वेस्टहेवन, ऑकलंड: माशाची डोकी डब्यात टाकू नका, इथे द्या

ऑकलंडला राहून स्वतः पकडलेले मासे खाणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. वेस्टहेवन मरीनाला, म्हणजे बोटी लावायच्या जागी, काई इका या उपक्रमाचं फिलेटिंग स्टेशन आहे. आपण पकडून आणलेले मासे ते साफ करून फिले, म्हणजे काट्यावरून सोडवलेल्या मांसाच्या तुकड्या, काढून देतात, त्याचे पैसे घेतात, आणि उरलेली डोकी नि काटे आपल्याला नको असतील तर ते ऑकलंडच्याच मांगेरे भागातल्या पापातूआनुकू कोकिरी मराएला (मराए म्हणजे इथल्या मूळच्या माओरी लोकांची एकत्र जमायची जागा) जातात आणि तिथून ज्यांना हवेत त्या घरांत वाटले जातात. सर्व्हिस एवढीच, पण इथल्या मासेमारीत याच्याइतकी कामाची सोय मला दुसरी माहीत नाही, का ते पुढे सांगते.

आधी काम कसं करतात ते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राची बोट आहे, त्यामुळे आमच्या बर्फाच्या पेटीत बहुतेक वेळा स्नॅपर असतात (नाव स्नॅपर, पण हा आपल्या तांबोशीच्या घरातला नाही, ब्रीमच्या कुळातला मासा, चवीला मात्र फर्स्ट क्लास). कापणाऱ्याचा हात बघत राहावा असा आहे. कल्ल्याच्या मागे सुरी तिरकी घालून डोक्यावरचं मांससुद्धा फिलेत घेतात, मग पाठीच्या काट्याला पातं टेकवून शेपटीपर्यंत सरळ ओढतात, बरगड्यांवरून अलगद सोडवतात, बाजू पालटून परत तेच. काट्याला मांस जेमतेम राहतं. कातडी ठेवायची की काढायची ते विचारून घेतात. मी ठेवायला सांगते, कारण रवा लावून तव्यावर टाकलं की बिनकातडीची तुकडी उलटताना फुटते. मासा मोठा असेल तर त्याचं डोकंही मी मागून घेते, मासा आपलाच आहे, काही अडचण नसते. ते डोकं घरी आणून कल्ले नीट काढायचे, नाहीतर कालवण कडवट होतं, मग ओल्या खोबऱ्याचं वाटण नि दोनचार कोकमं. गालाचं मांस कोणाला मिळणार यावरून आमच्याकडे अजून भांडणं होतात.

आता हे मला एवढं महत्त्वाचं का वाटतं. स्नॅपरचे फिले काढले की माशाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा हातात येतो. बाकीचं डोकं, काटा, पोटाची पट्टी, गाबोळी असली तर ती, हे सगळं बोट रॅम्पवरच्या कचऱ्याच्या डब्यात गेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय आणि अक्षरशः जीव तुटायचा, कारण वेंगुर्ल्यात आमच्या घरी डोक्यासाठी पाहुण्यांना थांबवून घ्यायचे. माओरी लोकांतही डोकं हा मानाचा भाग, त्यामुळे ही डोकी मराएवर गेली की तिथे त्यांची किंमत असलेले लोक आहेत. २०१६ मध्ये लेगासी ही हौशी मासेमारांची बाजू मांडणारी संस्था, इथला आउटबोर्ड बोटिंग क्लब आणि हा मराए यांनी मिळून हे काम सुरू केलं. आतडीबितडीसुद्धा वाया जात नाहीत, मराएच्या कुमाराच्या, म्हणजे इथल्या रताळ्याच्या, वाफ्यांना खत म्हणून जातात.

दुसरं कारण जास्त मोठं आहे आणि त्याबद्दल आपल्या लोकांत फारसं बोललं जात नाही. न्यूझीलंडमध्ये समुद्रात गळ टाकून घरच्यापुरते मासे पकडायला लायसन्स लागत नाही, कोणीही, कुठल्याही देशातून आलेला, धक्क्यावर जाऊन बसू शकतो. (ट्राउटचं वेगळं, त्याला लायसन्स लागतं.) पकडलेला मासा विकता येत नाही, कशाच्या बदल्यात देताही येत नाही, फुकट मात्र देता येतो. पण हा हक्क वाटतो तेवढा पक्का नाहीये. १९९६च्या फिशरीज ॲक्टप्रमाणे समुद्रातून एकूण किती मासा काढायचा ते मंत्री ठरवतात, त्यातून माओरींचा पारंपरिक वाटा आणि आपल्यासारख्यांचा वाटा बाजूला ठेवायचा आणि मग कमर्शियल कोटा, आणि आपला वाटा नेमका किती हे मंत्र्यांच्या हातात. कहावाई माशाच्या वाटपावरून लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, २००९ला निकाल आला, तरी निर्णय शेवटी मंत्र्यांकडेच राहिला.

२०१३ साली तर ऑकलंडच्या पूर्वेच्या समुद्रात स्नॅपरची रोजची मर्यादा माणशी ९ वरून थेट ३ वर आणायचा पर्याय सरकारने पुढे ठेवला होता. लेगासी तेव्हा नवीन होती, २०१२ची, त्यांनी लोकांना जागं केलं आणि सरकारकडे ४७ हजारांच्या वर सबमिशन्स, म्हणजे लेखी मतं, गेली. मग मर्यादा ७ वर थांबली, पण कमीत कमी लांबी २७ची ३० सेंटीमीटर झाली. आणि कमर्शियल बोटींना २५ सेंटीमीटरचा स्नॅपर चालत होता तो तसाच चालू राहिला! मुलांना घेऊन धक्क्यावर बसलेल्या माणसाने २९चा मासा परत सोडायचा आणि ट्रॉलरने २५चा विकायचा, हे मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. मासे टिकायला हवेत, मर्यादा हवीच, पण पहिली कात्री दर वेळी घरी खाणाऱ्याच्या ताटाला का लागावी?

अशा वेळी हौशी लोकांविरुद्ध एक मुद्दा हमखास येतो की हे लोक मजेसाठी पकडतात आणि अर्धा मासा फेकतात. तो मुद्दा खोडायला काई इकासारखं दुसरं काही नाही. आपण अन्नासाठी पकडतो असं म्हणायचं असेल तर अख्खा मासा कोणाच्या तरी पोटात जायला हवा, आणि इथे तो जातो. म्हणून फिलेटिंगचे पैसे मला कधी जड वाटले नाहीत, ते याच कामाला लागतात.

कोणासाठी सोयीचं नाही तेही सांगते. वेस्टहेवन बोटवाल्यांना बरं पडतं, पण पश्चिमेकडच्या कॉर्नवॉलिसच्या धक्क्यावर गळ टाकणारे खूप आहेत, त्यांनी दोन कहावाईंसाठी शहर ओलांडून यावं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी फ्री फिश हेड्स म्हणून लेगासीचीच वेबसाइट आहे, ज्यांना डोकी हवीत आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांची तिथे गाठ पडते. आपल्या लोकांनी तर दोन्ही बाजूंनी नाव घालावं! कहावाईबद्दल आणखी एक, पकडल्या पकडल्या रक्त काढून बर्फात घाला, मग तिरफळं घालून बांगड्यासारखं कालवण करा, इथले लोक त्याला नुसतं स्मोक करतात पण कालवणात तो कुठेही कमी पडत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. बोटीवर असताना फिले काढत बसू नका, मासा किनाऱ्यावर आणेपर्यंत त्याची लांबी मोजता येईल असा ठेवावा लागतो. बर्फ भरपूर न्या, डोकी ताजी असली तरच पुढे देता येतात. मर्यादा किनाऱ्याप्रमाणे बदलते, पश्चिमेला मानुकाऊच्या बाजूला स्नॅपर १० आणि २७ सेंटीमीटर, त्यामुळे निघायच्या आधी सरकारचं एनझेड फिशिंग रूल्स हे फुकटचं ॲप बघा. स्टेशनच्या वेळाही घरून बघूनच निघा. माझ्याकडून ५ पैकी ५. आणि पुढच्या वेळी मर्यादा बदलायची म्हणून सरकारने लोकांची मतं मागवली की चार ओळी पाठवाच, इंग्रजी साधं असलं तरी चालतं, आपण कुठे पकडतो, किती पकडतो आणि घरी कोण खातं एवढं लिहिलं तरी पुरे.