खानापूर तालुक्यातील घरगुती मुक्काम: दर आधी ठरवावा, मग निर्धास्त राहावे

कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात कमी खर्चात फिरायचे असेल, तर लॉज शोधत बसण्यापेक्षा गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे रीतसर पैसे देऊन राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हलशीजवळच्या एका शेतकरी घरात आणि जांबोटीच्या बाजूला जंगलालगतच्या दुसऱ्या एका घरात राहिल्यावर ते अधिकच पक्के झाले. या घरांवर पाटी नाही आणि तिथली माणसे स्वतःला व्यावसायिक म्हणवत नाहीत, म्हणून त्यांची नावे देत नाही. राहण्या-जेवण्याची सोय कशी आहे आणि तिच्यात उणे काय आहे, एवढेच येथे लिहितो.

पोहोचणे अवघड नाही. खानापूर हे मिरज–लोंढा लोहमार्गावरचे स्थानक असून बेळगावहून तिथे रेल्वेनेही जाता येते आणि बसनेही. पुढे गावोगावी वायव्य कर्नाटक परिवहनच्या बस जातात. त्यांच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, पण या भागातल्या बहुतेक वाहकांना मराठी येते, त्यामुळे गावाचे नाव सांगून विचारले की काम होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या महिलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे खरा, पण तो कर्नाटकाच्या रहिवाशांसाठी आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या ओळखपत्रावर तो मिळत नाही आणि महाराष्ट्र एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलतही सीमेपलीकडे चालत नाही. म्हणून खर्चाचा हिशेब पूर्ण तिकीट धरूनच करावा.

हलशीजवळचे घर जुन्या पद्धतीचे, कौलारू आहे. पुढे सोपा, मधे माजघर, मागे परडे आणि परड्याला लागून न्हाणी. पाहुण्यांची झोपण्याची सोय सोप्यालगतच्या खोलीत केली जाते. तिथे लोखंडी खाट, धुतलेली चादर, घरी शिवलेली जाड वाकळ आणि पंखा एवढे सामान आहे, आणि खोलीच्या अर्ध्या भागात भाताची पोती रचलेली आहेत. ज्यांना पोत्यांचा वास सहन होत नाही त्यांनी तसे आधीच सांगावे. न्हाणीत चुलीवर तांब्याचा हंडा कायम चढवलेला असतो. घरातली सून पहाटे लाकडे सारून तो पेटवते आणि आपली आंघोळ झाली की ज्याने त्याने हंड्यात बादलीभर थंड पाणी परत ओतायचे, असा त्या घराचा नियम आहे. तो आम्हाला कोणी मुद्दाम सांगितला नाही. घरातली लहान मुलगी तसे करताना दिसली आणि आम्हीही तेच केले. शौचालय परड्याच्या टोकाला आहे, स्वच्छ आहे, पण रात्री जाताना विजेरी लागते. वयस्कर माणसांना बरोबर नेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

जेवणाविषयी तक्रारीला जागा नाही. रात्री नाचणीची भाकरी, हुलग्याचा कट (उकडलेल्या हुलग्यांचे पाणी) घालून केलेले सार, उकड्या तांदळाचा भात आणि घरचे ताक असे साधे ताट असते. पावसाच्या सुरुवातीला गेल्यास रानातली अळंबी मिळण्याचा संभव असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत ओल्या काजूगरांची उसळ होते. मांसाहाराची अपेक्षा ठेवून जाऊ नये. लिंगायत आणि जैन घरांत तो होतच नाही आणि मराठा घरांतही वार, उपास व श्रावण पाळले जातात. चहा मागेल तितका मिळतो आणि तो चांगलाच गोड असतो.

आता मुख्य मुद्दा पैशांचा. या मुक्कामाचा खरा दोष तिथेच आहे आणि तो दूर करणे यजमानांइतकेच आपल्याही हातात आहे. निघताना पैसे काढले की घरातल्या आजी म्हणतात, “पावण्यांकडनं पैसे कसले घ्यायचे?” आणि काका म्हणतात, “द्या तुम्हाला काय वाटेल ते.” त्यांच्या बोलण्यात खोटेपणा मुळीच नाही. परंतु त्यामुळे एखादा प्रवासी चार माणसांचे जेवण आणि मुक्काम उरकून शंभर-दोनशे रुपये टेकवतो आणि त्यालाच स्वस्त प्रवास म्हणतो. खोलात जाऊन विचारले तेव्हा कळले की यजमान खर्च मोजतात तो फक्त दुकानातून आणलेल्या तेल, साखर आणि चहापुडीचा. घरचा तांदूळ, घरचे दूध, रानातून आणलेली लाकडे आणि पहाटेपासून चुलीशी उभ्या असलेल्या सुनेचे श्रम त्या हिशेबात येतच नाहीत. आम्ही बोलून माणशी ७०० रुपये ठरवले. त्यात रात्रीचे जेवण, सकाळची न्याहारी आणि दुपारसाठी बांधून दिलेली भाकरी आली. एवढ्या सोयीला हा दर अजूनही कमीच आहे. त्यामुळे जाणाऱ्याने फोनवरच दर विचारावा, “वाटेल ते” असे उत्तर आले तर स्वतःहून योग्य आकडा सांगावा आणि शक्य असेल तर पैसे रांधणाऱ्या बाईच्या हातात द्यावेत. मुलांसाठी बेळगावचा कुंदा अवश्य न्यावा, पण तो पैशांच्या बदल्यात नव्हे.

याच्या उलट अनुभव गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला रस्त्यावरच्या, ऑनलाइन नोंदणी केलेल्या एका ठिकाणी आला. जाहिरातीत “स्थानिक कुटुंबासोबत राहा” असे लिहिले होते. प्रत्यक्षात कुटुंब तिथे राहतच नव्हते, एक नोकर किल्ली देऊन निघून गेला आणि जेवण बाहेरून डब्यात आले. पैसे मात्र हलशीच्या घराच्या तिपटीहून अधिक घेतले. ज्याला एकांत आणि बंद दार हवे आहे त्याला असे ठिकाण चालेल, पण मग त्याला घरगुती म्हणू नये.

हलशीला राहण्याचा मोठा लाभ असा की तिथले भूवराह नरसिंह मंदिर सकाळी गर्दीविना निवांत पाहता येते. हलशी म्हणजेच जुनी पलाशिका. बनवासीच्या कदंब राजघराण्याच्या काळी ती महत्त्वाची राजनगरी होती आणि हे मंदिर पुढे १२व्या शतकात गोव्याच्या कदंबांच्या राजवटीत उभे राहिले. समोरासमोर असलेली दोन गर्भगृहे, एका बाजूला नरसिंह आणि दुसऱ्या बाजूला वराह, अशी रचना मुद्दाम वेळ काढून पाहण्यासारखी आहे. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. २६ जानेवारी १८३१ रोजी त्यांना तिथेच फाशी देण्यात आले. कणकुंबीला मलप्रभा नदीचा उगम आहे. भीमगड अभयारण्यात मात्र यजमानांच्या ओळखीवर विसंबून शिरू नये, वनखात्याची परवानगी घ्यावी. जांबोटीकडच्या घरातल्या काकांनी अंधार पडल्यावर अंगणाबाहेर जाऊ दिले नाही, कारण त्या पट्ट्यात अस्वलांचा वावर आहे. त्यांचे ऐकावे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर पाऊस इतका कोसळतो की ओढे भरले की आतल्या गावांची वाट बंद होते आणि मुक्काम आपोआप लांबतो. गावच्या लक्ष्मीची यात्रा असेल तर माहेरवाशिणी आणि पाहुण्यांनी घर भरलेले असते, तेव्हा पैसे देणाऱ्या प्रवाशाने जागा मागू नये. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आसपास आणि सीमाभागात तणाव असताना आंतरराज्य बस अचानक बंद होऊ शकतात, हेही धरून चालावे. परतीसाठी बऱ्याच गावांत वस्तीची गाडी असते, म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे निघणारी बस. तिची वेळ घरातल्यांना तोंडपाठ असते, तरी आदल्या संध्याकाळी चालक-वाहकांना स्वतः विचारून घ्यावे, कारण ती चुकली तर पुढची गाडी कित्येकदा थेट दुपारीच मिळते.