ओपनजिओसिस, आठ महिन्यांनंतर: खोल बोअरचं मॉडेल कन्व्हर्ज होत नसेल तर

ओपनजिओसिस म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेचं नि पाण्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर. बेळगावात आठ महिने वापर. काम एकच: २००० मीटर खोल कोअ‍ॅक्सिअल हीट एक्स्चेंजर, म्हणजे एकात एक पाइप घालून पाणी फिरवत खडकातली उष्णता वर आणणारी बोअर. सॉफ्टवेअर मुक्त आहे, भक्कम आहे; बहुतेक वेळा अडतं ते आपण दिलेल्या आकड्यांवर.

रन अडला, म्हणजे उत्तर एका आकड्यावर स्थिरावलं नाही (कन्व्हर्ज झालं नाही), की हात टाइमस्टेप, म्हणजे गणितातला वेळेचा टप्पा, निम्मी करायला जातो. आधी मेश बघा, म्हणजे खडकाचे तुकडे पाडणारी जाळी; तिचे सांधे म्हणजे नोड. बोअर एका रेषेनं दाखवलेली असते, त्यामुळे शेजारच्या नोडचं अंतर मनाला येईल तसं घेता येत नाही. भोवती सहा नोड असतील तर ते बोअरच्या त्रिज्येच्या ६.१३ पट अंतरावर, आठ असतील तर ६.६६ पट. २१६ मिमी बोअरला सहा नोडांनी ६६ सेंमी. मेश याहून बारीक केली की उत्तर सुधारत नाही, बोअरभिंतीचं तापमान चुकतं.

आता स्टेप. नोडच्या अंतराचा वर्ग भागिले खडकाच्या विसरणतेची (उष्णता किती वेगानं पसरते त्याची) सहापट, ही ढोबळ किमान मर्यादा. विसरणता सेकंदाला १ चौरस मिमी धरली तर ६६ सेंमीला जवळपास २० तास! याहून लहान स्टेपला तापमान वरखाली उसळू लागतं, आणि स्टेप कापत गेलात तर आणखी बिघडतं. मास लम्पिंगनं (उष्णता साठवण्याची क्षमता प्रत्येक नोडवर एकवटण्याच्या पर्यायानं) हे बरंच आवरतं. तरीही पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नका.

दुसरी जागा सुरुवातीच्या तापमानाची. कोयनेच्या ३ किमी पायलट बोअरमध्ये सव्वा किमीच्या आसपास बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट-नीस लागतो. असे थर असतील तर सगळीकडे एकच ग्रेडियंट (खोलीबरोबर तापमान वाढण्याचा दर) चालत नाही, कारण खडकाची उष्णतावाहकता बदलली की ग्रेडियंटही बदलतो. थरांच्या सीमेवर नोड ठेवा, बोअर बंद ठेवून स्थिर अवस्थेचा रन घ्या आणि तेच तापमान खडकाला नि पाइपांतल्या पाण्यालाही द्या.

बोअरमधून ठरावीक पॉवर (उष्णतेचा लोड) काढायची असेल तेव्हा पाण्याच्या प्रवाहावर लक्ष हवं. ५० किलोवॅट, सेकंदाला ५ लिटर: आत-बाहेरचा फरक २.४ अंश. प्रवाह अर्ध्या लिटरवर आला की तोच २४ अंश, आणि आत जाणारं पाणी गोठणबिंदूखाली जाऊ शकतं. लोड पहिल्या काही स्टेपमध्ये हळूहळू चढवा. प्रवाह शून्य करायचा तर त्याआधी लोड शून्य करा.

टॉलरन्स (उत्तर स्थिरावलं असं मानण्याची चुकीची मर्यादा) सहसा सापेक्ष देतात. केल्विनमध्ये ०.००१ म्हणजे सरासरी ०.३ अंशाची ढिलाई, २.४ अंशांच्या हिशोबात ती फार झाली. ०.०००००१ ठेवा. समीकरणांचं मॅट्रिक्स असममित आहे, म्हणून सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारी पद्धत) निवडताना सीजी नको, बायसीजीस्टॅब घ्या. तोही अडला तर छोट्या मेशवर स्पार्स-एलयू (थेट सोडवणारा सॉल्व्हर) चालवा. तिथेही उत्तर उसळलं तर दोष सॉल्व्हरचा नाही, मॉडेलचा.

उन्हाळ्यात वीज जाते, तेव्हा मधल्या स्टेपचं आउटपुट लिहायला लावाच.