पीडीएफवर डबल क्लिक केल्यावर काय उघडावं: एज, अ‍ॅक्रोबॅट की सुमात्रा?

नवा कॉम्प्युटर घेतला की पीडीएफ मायक्रोसॉफ्ट एजमध्ये उघडायची, हे विंडोजनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. घरी मुलांच्या प्रश्नपत्रिका आणि लाइट बिल एवढंच बघायचं असेल तर तसंच राहू द्या, काही अडत नाही. पण सीमाभागात, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे ज्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे, किंवा जे पतसंस्थेच्या नाहीतर शाळेच्या ऑफिसात बसतात, त्यांनी हा निर्णय विचार करून घ्यावा. आपल्याकडे एका मशीनवर सकाळी पहाणीचा (कर्नाटकातल्या शेतजमिनीचा) उतारा उघडतो, दुपारी चंदगड नाहीतर कागलकडच्या शेताचा सातबारा, संध्याकाळी नाडकचेरीचा, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कचेरीचा, उत्पन्नाचा दाखला. मधे कुणाचं तरी ई-आधार असतंच.

दुकानदारासाठी खरा फरक पडतो तो डिजिटल सहीत. ई-आधार क्रोममध्ये उघडलं तर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि ते तसंच राहतं, कारण क्रोम सही तपासतच नाही. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये त्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ म्हणायचं, मग ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’मधून सर्टिफिकेट उघडून बघायचं. ते सर्टिफिकेटांच्या सरकारी साखळीतलंच आहे अशी खात्री पटली, की ‘ट्रस्ट’ टॅबमध्ये जाऊन ते विश्वासू यादीत घालायचं. फाइल पुन्हा तपासली की प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी टिक येते. हे त्या मशीनवर एकदाच करावं लागतं. पुढे त्याच साखळीतल्या सह्या आपोआप तपासल्या जातात. ई-आधार उघडायला अडोबी रीडर, म्हणजे हाच प्रोग्राम, वापरा, असं आधार देणारी संस्था यूआयडीएआय स्वतः सांगते. ‘सही चालत नाही’ म्हणून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला काउंटरवरून परत पाठवलं जातं तेव्हा त्याची एसटीची फेरी आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. म्हणून दुकानात मी अ‍ॅक्रोबॅटच डिफॉल्ट, म्हणजे डबल क्लिकवर आपोआप उघडणारा, ठेवायला सांगेन, तो जड असला तरी.

जड तो आहेच. चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर अ‍ॅक्रोबॅट उघडेपर्यंत गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागतं. तिथं सुमात्रा पीडीएफ फार कामाचा. फुकट आहे, दहा एमबीच्या आसपासचा आहे, क्लिक केल्याबरोबर उघडतो आणि जाडजूड पुस्तक मागच्या वेळी जिथं सोडलं त्याच पानावर आणून ठेवतो. अभ्यास करणाऱ्या मुलांना मी डोळे झाकून हाच सुचवतो. पण त्यात फॉर्म भरता येत नाही आणि सहीही तपासता येत नाही.

दुकानात सुमात्रा वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. तो नुसता उघडला की आधी पाहिलेल्या फाइलींची छोटी चित्रं पहिल्याच पानावर मांडतो. म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचा दाखला पुढच्या गिऱ्हाइकासमोर! सेटिंग्जमध्ये जाऊन ‘रिमेंबर ओपन्ड फाइल्स’वरची टिक काढून टाका. अलीकडच्या फाइलींची यादी अ‍ॅक्रोबॅटही ठेवतो, आणि डाउनलोड्सचा फोल्डर तर कुणीच आपणहून रिकामा करत नाही. लोक आपले कागद विश्वासानं आपल्या हातात देतात, तेव्हा दुकान बंद करताना तो फोल्डर साफ करायची सवय लावून घ्या.

एजची बाजूही कमकुवत नाही. साधे फॉर्म भरता येतात, मजकुरावर रंग मारता येतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. शिवाय त्यातली ‘रीड अलाउड’ची सोय सीमाभागासाठी मोलाची आहे. आपल्यात कितीतरी जणांना कन्नड कानाला कळतं, पण लिपी वाचता येत नाही. पीडीएफमधला मजकूर युनिकोड असेल तर एज कन्नड आवाजात वाचून दाखवू शकतं. एकदा करून बघाच.

मात्र युनिकोड नसलेल्या, जुन्या नुडी किंवा श्रीलिपी फॉन्टमधली पीडीएफ असेल तर हे जमत नाही. पान दिसतं नीट, पण कॉपी करून वर्डमध्ये टाकलं की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ येतो. यात तिन्ही प्रोग्राम सारखेच, त्यामुळे या कारणासाठी डिफॉल्ट बदलत बसू नका. श्रीलिपीची वर्ड फाइल कुणी पाठवली आणि तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल, तर सरळ पीडीएफ करून मागा.

डिफॉल्ट बदलायचं सोपं आहे. फाइलवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर अ‍ॅप’, प्रोग्राम निवडायचा आणि विंडोज ११ वर ‘ऑलवेज’ दाबायचं. विंडोज १० वर ‘ऑलवेज यूज धिस अ‍ॅप’वर टिक करून ओके. बाकीचे प्रोग्राम काढून टाकू नका. अधूनमधून लागले तर याच यादीतून ‘जस्ट वन्स’ म्हणून उघडता येतात. हे करतानाच फोल्डरच्या खिडकीतल्या ‘व्ह्यू’मधून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दिसतील असं करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलीच्या नावात पीडीएफ असेल पण शेवट ‘डॉट ईएक्सई’ असेल, तर ती पीडीएफ नसून प्रोग्राम असतो, तिच्यावर डबल क्लिक करायचं नाही.

वर्डच्या फाइलींचं थोडक्यात: नुसतं उघडून प्रिंट मारायची असेल तर फुकटचं लिब्रेऑफिस पुरतं, त्याचे मेनू मराठीतही मिळतात. पण ज्या फाइली दुरुस्त करून पुन्हा ऑफिसला पाठवायच्या असतात, त्यात तक्ते असले की ते कधीकधी हलतात. तिथं वर्डच बरं. लिब्रेऑफिसच ठेवणार असाल तर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड/सेव्ह’, ‘जनरल’ इथं जाऊन सेव्ह करायचा प्रकार वर्डचा करून घ्या, नाहीतर नवी फाइल लिब्रेऑफिसच्या ओडीटी प्रकारात सेव्ह होते आणि समोरच्याला ती कशात उघडायची तेच कळत नाही.